शेवटच्या रात्री अर्ज भरू नका

दर डिसेंबरात मला एक तरी फोन येतोच. "मॅडम, शिफारसपत्र हवं होतं. उद्या शेवटची तारीख आहे."

मी छत्तीस वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले, पण हा फोन काही निवृत्त झाला नाही. मुलं हुशार असतात, वाचणारी असतात. कुणाला कोलंबियाला जायचं असतं, कुणाला जॉर्जटाऊनला, कुणाला लंडनला, कुणाला जिनिव्हाला. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असतं.

मी पत्र देते. नाही म्हणवत नाही. पण रात्री अकरा वाजता घाईत लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला कळतं. नुकसान मुलाचं होतं.

म्हणून हे आधीच लिहून ठेवते आहे. तुम्ही यंदा किंवा पुढच्या वर्षी अर्ज करणार असाल तर वाचा. आईवडिलांनाही वाचायला द्या. पैसे त्यांच्या खिशातून जाणार आहेत.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न अर्जात नसतो. तो घरीच विचारायचा. हे शिकून करायचं काय?

"राजदूत व्हायचंय" असं उत्तर आलं, तर जरा थांबा. भारतीय परराष्ट्र सेवेत जायला यूपीएससीची परीक्षा द्यावी लागते. तिला कुठल्याही शाखेची पदवी चालते. वय २१ ते ३२, राखीव प्रवर्गांना त्यात सवलत. परदेशी पदवीचे वेगळे गुण मिळत नाहीत. दोन वर्षं बाहेर गेलात, तर परीक्षेच्या वयातली दोन वर्षं कमी झाली. ध्येय तेच असेल तर कर्ज काढून परदेशी जाण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

"संयुक्त राष्ट्रसंघात काम करायचंय" असं म्हणणारीही बरीच मुलं भेटतात. चांगली गोष्ट आहे. फक्त एवढं माहीत असू द्या की संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हासारख्या महागड्या शहरात राहण्याचा खर्च आपला आपण करायचा.

आणखी एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. वॉशिंग्टनच्या नामांकित शाळांतली, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या 'स्कूल'मधली, बरीच अमेरिकन मुलं पुढे तिथल्या सरकारी खात्यांत लागतात. त्या नोकऱ्यांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. तुम्हाला तो दरवाजा बंद. परदेशी मदतीचं काम करणारी यूएसएड ही अमेरिकेची सरकारी संस्था अशा पदवीधरांना मोठा आधार होती. तिचं कामकाज १ जुलै २०२५ पासून थांबलं. त्यामुळे जी कामं उरली त्यांना उमेदवार वाढले.

तेव्हा शाळेच्या माहितीपत्रकात "आमच्या नव्वद टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या" असं काही दिसलं, तर हुरळून जाऊ नका. सरळ ईमेल लिहा. परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना, कुठे आणि किती महिन्यांत नोकरी मिळाली, ते विचारा. हा प्रश्न विचारल्यानं कुणाचा प्रवेश नाकारला जात नाही.

मग जावं कुणी? ज्याला व्यापारधोरण, निर्वासित, सागरी सुरक्षा, हवामानाचे करार यांपैकी एखाद्या गोष्टीचा खरोखर नाद लागला आहे त्यानं. ज्याला शिकवायचं आहे, संशोधन करायचं आहे, परदेशी घडामोडींवर पत्रकारिता करायची आहे त्यानं. दोन-तीन वर्षं कुठेतरी काम करून ज्याला कळलं आहे की आपल्याला अमुक एक गोष्ट नीट येत नाही, त्यानं तर जरूर जावं. अशी मुलं तिथं जाऊन वेळ फुकट घालवत नाहीत.

जाण्याचं कारण पक्कं झालं तरी दिल्लीचा अर्ज सोडू नका.

आपल्याकडे हा विषय आजचा नाही. १९५५ साली दिल्लीत सप्रू हाऊसमध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था सुरू झाली. १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. आज तीच तिथली स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज. प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतो आणि फी इतकी कमी की परदेशी एका अर्जाच्या पैशात तुमची वर्षाची फी भागेल. दिल्लीतच साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात या विषयाचा जुना विभाग आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे.

इथं एम. ए. करून मग पीएचडीला बाहेर गेलेली मुलं मी पाहिली आहेत. पीएचडीला बऱ्याच ठिकाणी विद्यापीठच पैसे देतं. एम. ए.ला तुम्ही देता. फरक केवढा आहे ते बघा.

आता पैशाचं बोलू. इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मुलं इथंच घाई करतात.

अमेरिकेत हा अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा. न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या नावाजलेल्या शाळांत फी, राहणं, खाणं, विमा धरून दोन वर्षांचा आकडा एक कोटी रुपयांच्या वर जातो. इंग्लंडमध्ये बहुधा एक वर्ष, त्यामुळे एकूण खर्च कमी. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, पण राहण्याखाण्याचे वर्षाचे पैसे आधी एका 'ब्लॉक्ड' खात्यात दाखवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती रक्कम ११,९०४ युरो झाली. शिवाय तिथले पुष्कळ अभ्यासक्रम जर्मन भाषेत असतात. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आधी वर्ष-दोन वर्षं घालवायची तयारी असेल तरच तिकडे वळा.

समजा, चाळीस लाखांचं कर्ज काढलं. व्याज दहा टक्के, मुदत दहा वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे ५३ हजार रुपये येतो. शिकत असताना साठलेलं व्याज मुद्दलात मिसळलं, तर त्याहून जास्त. परत येऊन दिल्लीच्या एखाद्या संशोधन संस्थेत लागलात, तर सुरुवातीचा पगार त्या हप्त्याच्या आसपासच घुटमळतो. मग घरभाडं कशातून द्यायचं? हा हिशेब वडिलांसमोर बसून कागदावर मांडा. मोबाइलवर नको, कागदावर. लिहिलेला आकडा डोळ्यांसमोर राहतो.

बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत. मग घर तारण ठेवायची वेळ येते. राहतं घर एकच असेल तर या पदवीसाठी ते अडकवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं माझ्यावर रागावतात. रागावू देत.

पैशाची ही अडचण थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पुढे लंडनमध्ये अभ्यास सुरू झाला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये सगळं अर्धवट ठेवून त्यांना परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, एका मित्रानं उसने दिले, तेव्हा कुठे १९२० मध्ये परत जाता आलं. तेव्हा पहिल्या वर्षाचे पैसे जमले म्हणून निघू नका. शेवटच्या सहामाहीचे कुठून येणार, ते आधी ठरवा.

शिष्यवृत्त्या आहेत. पण त्यांचं वेळापत्रक विद्यापीठांच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. इथंच मुलं फसतात.

इंग्लंडसाठी चेव्हनिंग आहे. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद. त्याला किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू. त्याला तीन वर्षांचा अनुभव लागतो. आपल्याकडची तीन वर्षांची बी. ए. एकटी त्याला पुरत नाही, वर एखादी पदव्युत्तर पदवी किंवा पूर्णवेळ पदविका लागते. त्याची मुदत उन्हाळ्यातच संपते, म्हणजे प्रत्यक्ष जाण्याच्या सव्वा वर्ष आधी. युरोपात इरास्मुस मुंडुसचे जोड-अभ्यासक्रम आहेत. निवड झाली तर महिन्याला १,४०० युरो मिळतात आणि फी माफ.

सरकारी योजनाही बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागास, भटके-विमुक्त, आदिवासी आणि अल्पसंख्याक मुलांसाठी त्या त्या विभागांच्या योजना आहेत. मराठा-कुणबी मुलांसाठी 'सारथी' या संस्थेचीही आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. तिला कौटुंबिक उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत लागतं. २०२२ पासून तिच्यात भारताचा इतिहास, संस्कृती, समाज यांवरचे विषय चालत नाहीत. म्हणून विषय कसा मांडता ते जपून ठरवा.

यांतल्या काही योजनांना विनाअट प्रवेशपत्र लागतं. "अंतिम वर्षाची गुणपत्रिका आल्यावर प्रवेश पक्का" असं लिहिलेलं पत्र तिथं चालत नाही. निकाल उशिरा लागला तर शिष्यवृत्ती हातची जाते. आपल्या विद्यापीठांचे निकाल कधी लागतात हे मी तुम्हाला सांगायला नको. शक्य असेल तर पदवी हातात आल्यावरच अर्ज करा. एक वर्ष गेलं तरी बिघडत नाही. त्या वर्षात काम करा, अनुभवही जमेस धरला जातो.

परीक्षांबद्दल फार लिहीत नाही. आयईएल्टीएस किंवा टोफेलचे गुण दोन वर्षं चालतात, जीआरईचे पाच वर्षं. या विषयाच्या बऱ्याच शाळांनी जीआरई ऐच्छिक केली आहे. ज्याला पदवीला बरे गुण आहेत त्यानं त्यासाठी क्लासची हजारोंची फी भरण्याआधी शाळेची अट वाचावी. मात्र काही अमेरिकन शाळा अर्थशास्त्राचे मूलभूत पेपर मागतात. बी. ए.ला अर्थशास्त्र नसेल तर ते आत्ताच कुठेतरी शिकून घ्या. दुसरी भाषा मागणाऱ्याही शाळा आहेत. त्यांना विचारून बघा, कदाचित तुमची मराठीच उपयोगी पडेल.

आता शिफारसपत्राकडे येते. हे माझं घरचं दुखणं आहे.

गणपतीच्या आसपास शिक्षकांना भेटा. फोन नको, समक्ष जा. कुठे अर्ज करताय, का करताय, शेवटची तारीख कोणती, हे एका कागदावर लिहून न्या. त्यांच्या विषयात तुम्ही केलेलं एखादं काम, एखादा निबंध सोबत न्या. त्यांना तुमचा चेहरा आठवतो, पण तृतीय वर्षाला तुम्ही काय लिहिलं होतं ते आठवत नाही. मलाही आठवत नाही.

"तूच लिहून आण, मी सही करतो" असं म्हणणारे सर आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना वेळ नसतो, त्यांचा दोष म्हणत नाही. पण तुमचं निवेदन आणि तुमच्याबद्दलची तीन पत्रं एकाच हातानं लिहिली, तर ते चौथ्या ओळीत कळतं. त्यापेक्षा त्यांना पाच मुद्दे लिहून द्या आणि पत्र त्यांच्या शब्दांत लिहायला सांगा. मोडकंतोडकं इंग्रजी असलं तरी चालेल. मोठ्या पदावरच्या ओळखीच्या माणसाचं पत्रही घेऊ नका. आमदारांनी तुम्हाला वर्गात पाहिलेलं नाही.

एक अडचण लहान गावांतल्या कॉलेजांत हमखास येते. परदेशी विद्यापीठं शिक्षकाचा संस्थेचा ईमेल मागतात, आणि सरांकडे फक्त जीमेल असतो. हे आधी विचारा. नसेल तर विद्यापीठाला आधीच लिहून कळवा, किंवा प्राचार्यांकडून कॉलेजचा ईमेल सुरू करून घ्या. अमेरिकन अर्जात आणखी एक चौकट असते. "शिफारसपत्र पुढे पाहण्याचा हक्क सोडता का?" तिथं हो म्हणा. नाही म्हटलंत, तर पत्र मोकळेपणानं लिहिलेलं नाही असा वाचणाऱ्याचा समज होतो.

अर्जातलं निवेदन हे खरं काम. तिथं शाळा तुमचा हेतू विचारते. पाचशे शब्द म्हटले असतील तर पाचशेच लिहा.

निफाड तालुक्यातली एक मुलगी दोन वर्षांपूर्वी मसुदा घेऊन आली होती. पहिलं वाक्य होतं, "लहानपणापासून मला जागतिक राजकारणाचं आकर्षण आहे." मी विचारलं, "जागतिक राजकारण तुझ्या घरी कधी आलं?" ती हसली. मग जरा वेळानं म्हणाली, "मॅडम, आलं होतं. आठ डिसेंबरला."

८ डिसेंबर २०२३. केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली तो दिवस. लिलाव बंद पडले. तिचे वडील भरलेला ट्रॅक्टर घेऊन निघाले होते, ते तसेच परत आले. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं होतं, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. घरातला कांदा ढाक्याला जातो हे तिला माहीत होतं, पण त्यात परराष्ट्र धोरण आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

मी म्हटलं, इथून लिही.

तिनं जुनी वर्तमानपत्रं काढली. २०१९ च्या निर्यातबंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत एका कार्यक्रमात हसत हसत म्हणाल्या होत्या की, त्यांनी आपल्या स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको असं सांगितलं आहे. तिनं ते कात्रण शोधलं आणि त्यातून तिचा प्रश्न तयार झाला. आपण दार असं अचानक लावलं, तर पुढच्या वेळी शेजाऱ्यानं आपल्यावर भरवसा का ठेवावा? देशातलं स्वस्त अन्न आणि शेजारधर्म यांचा मेळ कसा घालायचा? हे शिकायला यायचंय, असं तिनं लिहिलं. मसुदा पाच वेळा फाडला. वडिलांच्या ट्रॅक्टरचं वाक्य मात्र पाचही वेळा जसंच्या तसं राहिलं.

तुमच्याकडेही असं काहीतरी असेल. पालघरच्या किनाऱ्यावरचे असाल, तर गुजरातच्या बोटींवर कामाला गेलेले आणि पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेले खलाशी तुम्हाला माहीत असतील. भारत आणि पाकिस्तान २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्या यादीची वाट पाहणारं घर तुमच्या गल्लीत असेल. गोव्याचे असाल, तर पोर्तुगीज पासपोर्टची चर्चा जेवणाच्या टेबलावर ऐकलेली असेल. हे लिहा. शाळेची स्तुती लिहू नका. आपली शाळा किती जुनी आणि किती मोठी आहे, ते त्यांना माहीत असतं. त्याऐवजी त्यांच्या अभ्यासक्रमाची यादी नीट वाचा आणि कुठला विषय तुमच्या प्रश्नाला उपयोगी पडेल, ते नावानिशी लिहा. मग पुढे काय करणार ते सांगा.

मोबाइलमधल्या यंत्राकडून निवेदन लिहून घेऊ नका. व्याकरण तपासायला हरकत नाही. पण ट्रॅक्टर त्या यंत्राला माहीत नसतो.

एजंटबद्दल दोन शब्द. "आम्ही सगळं करून देतो, फी काही नाही" असं म्हणणाऱ्याला पैसे कोण देतं ते विचारा. बऱ्याचदा विद्यापीठच कमिशन देतं, आणि मग तो तुम्हाला कमिशन देणाऱ्या विद्यापीठाकडेच वळवतो. २०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय मुलांवर, त्यांत पंजाबची बरीच, देशाबाहेर काढलं जाण्याची वेळ आली होती. एजंटनं दिलेली प्रवेशपत्रंच खोटी निघाली. तेव्हा अर्जाचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. ईमेल तुमचाच द्या. प्रवेशपत्र आलं की विद्यापीठाला स्वतः ईमेल करून खात्री करून घ्या. आणि अर्जाची फी परवडत नसेल तर माफी मागायला लाजू नका. काही शाळा ती देतात, फक्त विचारावं लागतं.

प्रवेश मिळाला की व्हिसा. अमेरिकेसाठी आता समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगतात. जून २०२५ पासून हा नियम आहे. या विषयाची मुलं राजकारणावर बरंच लिहितात. घाबरून सगळं पुसू नका आणि अर्जात खाती लपवू नका. खोटी माहिती सापडली तर पुढचे सगळे रस्ते बंद होतात. शिकून झाल्यावर तिथं काम करायला साधारण एक वर्ष मिळतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी दोन वर्षं मिळतात, पण आंतरराष्ट्रीय संबंधांच्या बहुतेक पदव्या त्यात बसत नाहीत. तुमची बसते का, ते प्रवेश घेण्याआधी लेखी विचारा. इंग्लंडमधली शिक्षणानंतरची दोन वर्षांची मुदतही जानेवारी २०२७ पासून दीड वर्षावर येणार आहे.

राहिलं एक काम. ते आजच करण्यासारखं आहे.

दहावीची गुणपत्रिका काढा, पदवीची काढा, पासपोर्ट काढा, आधार काढा. चारही शेजारी ठेवा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. कुठे 'ज्ञानेश्वर'चं इंग्रजी स्पेलिंग एक, कुठे दुसरं. लग्न झालेल्या मुलीचं आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदललेलं. घरात याचं कुणाला काही वाटत नाही, पण परदेशी कचेरीत ही दोन वेगळी माणसं ठरतात. राजपत्रात नाव बदलून घ्यायला, नवा पासपोर्ट यायला वेळ लागतो. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मिळवायलाही आठवडे जातात, आणि त्याच्यावरचं नाव चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

एका मुलाचा प्रवेश पक्का झाला होता, शिष्यवृत्तीही होती. नावातल्या एका अक्षरापायी त्याची एक अख्खी सहामाही गेली. कागदपत्रं दुरुस्त करायला त्याची आई तालुक्याला अकरा वेळा जाऊन आली.

तेव्हा आज संध्याकाळी कपाट उघडा. चारही कागदांवरचं नाव एकेक अक्षर मोठ्यानं वाचा. आणि सरांकडे जाणार असाल तर दिवाळीची वाट पाहू नका.